कादोवाकी बाईंचा नकार

आमच्या गल्लीच्या टोकाला जिझो देवाची दगडी मूर्ती आहे, गुडघ्याएवढी. तिच्या गळ्यातलं लाल फडकं दर महिन्याला कोण बदलतं हे मला या गावात येऊन वर्ष झालं तरी कळलं नव्हतं. मग एकदा सकाळी कामाला निघाले तेव्हा दिसलं. एक ठेंगणी बाई, कंबरेला पंचा खोचलेली, मूर्तीला आंघोळ घालत होती आणि तिच्याशी बोलतही होती. "मान वर कर. अशी. आता गार लागेल हं." मी हात जोडून उभी राहिले. आंघोळ आटपल्यावर बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे घालतात का देवाला आंघोळ?"

"रोज घालतात," मी म्हटलं.

"रोज? मग तुमचे देव फार स्वच्छ असतील. आमचा हा बघा, महिनाभर पारोसा."

त्या कादोवाकी सुमिए बाई. माझ्या घरापासून त्यांचं घर तिसरं. मी इथल्या विद्यापीठाच्या खानावळीत भात वाढते आणि खानावळीमागच्या जुन्या लाकडी खोलीत बाई दर गुरुवारी मुलांना चहा शिकवायच्या. चहा म्हणजे हिरवी पूड वाडग्यात घालून बांबूच्या रवीने घुसळतात तो. जपानमधल्या आमच्या या मात्सुए गावात हा चहा सगळ्यांच्या घरी होतो, सकाळी दहाला आणि दुपारी तीनला, गवंडीसुद्धा काम थांबवून पितात. पण रीतीने करायचा, रीतीने द्यायचा आणि रीतीने घ्यायचा हे शिकायला जन्म जातो. बाईंचा गेला.

बाईंचे वडील तळ्यातल्या शिंपल्या काढायचे. लांब दांड्याचं दाताळं घेऊन पहाटे होडीतून जायचे आणि आठ वाजता परत यायचे. पंधराव्या वर्षी बाईंना त्यांनी गावातल्या ओकुमुरा नावाच्या नामांकित चहाबाईंकडे कामाला ठेवलं. शिकायला नव्हे, कामाला. फरशी पुसणं, कोळसे धुऊन वाळवणं, वाडगे विसळणं. अकरा वर्षं बाईंनी ओलं फडकं हातात घेऊन दाराच्या फटीतून बघत बघत सगळं पाठ केलं. सव्विसाव्या वर्षी ओकुमुरा बाईंनी एक दिवस त्यांच्यापुढे वाडगा ठेवला आणि म्हणाल्या, "कर." बाईंनी केला. ओकुमुरा बाईंनी पिऊन वाडगा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." एवढंच. पुढे बाईंना शिकवायचा परवानाही मिळाला, पण गावातल्या चांगल्या घरच्या बायका त्यांच्याकडे कधी शिकायला आल्या नाहीत. ओकुमुरांकडची मोलकरीण, ही ओळख पुसली गेली नाही. लग्न झालं, नवरा टपालात होता, तो गेला. मुलगा तोक्योकडे असतो आणि नव्या वर्षाला फोन करतो.

विद्यापीठात मुलांचं चहाचं मंडळ आहे, त्याला आधी ओकुमुरा बाईच शिकवायच्या. त्या आजारी पडल्या तेव्हा महिन्यापुरतं म्हणून त्यांनी सुमिए बाईंना पाठवलं, आणि त्या आजारातच ओकुमुरा बाई वारल्या. मंडळाची मुलं विचारायला आली, तुम्हीच शिकवाल का. बाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या. त्यांनी खरोखरच नाही म्हटलं. "मी भांडी घासणारी, मी काय विद्यापीठात शिकवणार?" मुलं आठवड्याने परत आली. बाईंनी परत नाही म्हटलं, आणि तेही खरंच. तिसऱ्यांदा तिघं आली, भिजून आली, आणि दारातल्या पायरीशी उभीच राहिली. बाई म्हणाल्या, "बरं. या एका वर्षापुरतं."

तिथून तीस वेळा 'या एका वर्षापुरतं' झालं.

दर एप्रिलमध्ये, इथलं शिक्षणाचं वर्ष सुरू होताना, मंडळाचा नवा प्रमुख फडक्यात बांधलेला मिठाईचा डबा घेऊन यायचा, दाराच्या आत चपलांच्या जागी उभा राहून कमरेत वाकायचा आणि विचारायचा. बाई म्हणायच्या, "आता वय झालं. कोणीतरी तरुण बघा." आठवड्याने तो परत यायचा. "माझ्याकडून काय शिकणार तुम्ही," असं बाई म्हणायच्या. तिसऱ्यांदा आला की बाई डबा घ्यायच्या, त्याला आत बोलवायच्या आणि चहा करायच्या. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे पंगतीत पोळी घेताना माणूस नको नको म्हणत पानावर हात धरतो आणि वाढणारा हाताच्या फटीतून वाढतोच, तसंच. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

पण बाईंच्या बाबतीत रीतीपेक्षा जास्त काहीतरी होतं. आयुष्यभर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. वडिलांनी कामाला ठेवताना विचारलं नाही, लग्न ठरवताना कोणी विचारलं नाही. एप्रिलचे ते पंधरा-वीस दिवस होते, तेव्हा शिकलेल्या घरची मुलं त्यांच्या दारात तीन वेळा वाकायची. त्या दिवसांत बाई एरवीपेक्षा ताठ चालायच्या. मी थट्टा करायचे.

"आला का नवरदेव?"

"एकदा येऊन गेला. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. दुसऱ्यांदा गुरुवारी येईल."

"आणि नाही आला तर?"

"नाही कसा येईल? रीत आहे."

मंडळ पुढे बदललं. परदेशी मुलं वाढली तेव्हा विद्यापीठाच्या कचेरीने चहा, किमोनो आणि कुंचल्याचं लिखाण एकत्र करून परदेशी मुलांना जपानची ओळख करून देणारं एकच मंडळ केलं. गावातल्या दुसऱ्या चहाबायकांनी नाकं मुरडली. आमच्या बाईंनी नाही मुरडली. गुडघ्यावर बसून एका पोरीला रडू आलं तेव्हा त्यांनी तिला सरळ स्टूल दिलं. "बस वर. देवाने गुडघे काही चहासाठी दिलेले नाहीत." व्हिएतनामची थुई म्हणून एक मुलगी होती, ती चहा असा घुसळायची की फेस बाहेर यायचा. बाई म्हणायच्या, "थुई, कपडे नाही धुवायचे आपल्याला." पोरं हसायची, थुई सगळ्यांत जास्त हसायची. भात घ्यायला आली की मला सांगायची, "काकी, आज मी तीन वेळा धोबीण झाले."

एक गोष्ट मात्र बाई फार कडकपणे शिकवायच्या. वाढण्याच्या बाबतीत. "पाहुणा पुरे म्हणाला की पुरे. परत ओतायला जाऊ नका. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही." चहाच्या खोलीत तसंच असतं. तिथे सगळ्या गोष्टी ठरलेल्या, त्यामुळे कोणी खोटं नको म्हणत नाही. खोलीबाहेरची रीत वेगळी असते हे बाईंनी कधी सांगितलं नाही. ती काय सांगायची गोष्ट आहे? ती एकाचं बघून दुसऱ्याने शिकायची.

आणि तिथेच दोरा तुटला. साथीची दोन वर्षं मंडळ बंद होतं. त्यानंतरच्या एप्रिलला चौथ्या वर्षाचा एक मुलगा उरला होता, साथीच्या आधी जुन्या प्रमुखाबरोबर बाईंच्या दारात आलेला. तो रीतसर तीनदा येऊन गेला, पण एकटाच आला, बरोबर धाकट्यांना आणलं नाही. तोंडाला कापड बांधायचे दिवस, चार माणसं कशाला न्यायची, असा विचार त्याने केला असेल. पुढच्या मार्चमध्ये तो नोकरीला लागून निघून गेला.

नवी प्रमुख झाली सेगावा चिहारु, तिसऱ्या वर्षाची. चांगली मुलगी. हे मी मनापासून लिहिते, कारण पुढचं वाचून तिचा राग येईल. खानावळीत ताट परत ठेवताना खरकटं एका कडेला करून ठेवणारी मुलगी ती.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी चिहारु डबा घेऊन बाईंकडे आली. मी नेमकी बाईंकडे मुळे द्यायला गेले होते, आत स्वयंपाकघरात होते. तिने नीट विचारलं. बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. "आता वय झालं बाळ. कोणीतरी तरुण बघा."

चिहारुचा आवाज भरून आला. "बाई, इतकी वर्षं आम्ही तुम्हाला खूप त्रास दिला. कळलं मला. तुम्ही आराम करा." ती खूप खाली वाकली, डबा पायरीवर ठेवला आणि गेली.

बाई आत आल्या. हसत होत्या. "पोरगी हळवी आहे. आता पुढच्या गुरुवारी दोघी-तिघींना घेऊन येईल बघ."

पुढच्या गुरुवारी बाईंनी सकाळीच पायरी पुसली. गोड सारणाच्या चार वड्या आणल्या, कारण किती जणी येतील सांगता येत नव्हतं. मी संध्याकाळी कामावरून येताना डोकावले तर वड्या तशाच होत्या.

"कोण येणार होतं का?"

"कोण येणार? मांजर येतं कधीमधी. तू खा दोन, उद्या कडक होतील."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही पायरी पुसली होती. त्याच्या पुढच्यालाही. मे लागला. गुरुवारी दुपारी ज्या पिशवीत त्या रवी, फडकं आणि पंखा भरायच्या ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला तशीच लटकत होती.

मला राहवलं नाही. मी देवाला दिवा लावताना विचार केला, की दुसऱ्याच्या दारातलं बोलणं आपण उचलून दुसरीकडे नेऊ नये. आणि तरी नेलं. खानावळीत चिहारु भाताला आली तेव्हा तिला बाजूला घेतलं.

"चिहारु, बाईंना परत एकदा विचार."

ती घाबरलीच. "काकी, त्या नाही म्हणाल्या ना. मी त्यांच्यासमोर होते."

"हो, पण एकदाच म्हणाल्या. माणूस एकदा म्हणतं तसं. तू जा परत."

"जबरदस्ती नको ना व्हायला. त्या वयाच्या माणसाला."

"जा तर. मग बघ काय म्हणतात."

ती गेली. त्याच शनिवारी गेली, नवा डबा घेऊन गेली. आणि बाईंनी दुसऱ्यांदाचं उत्तर दिलं. "माझ्याकडून काय शिकणार तुम्ही? आणि आता गुडघाही दुखतो."

सोमवारी चिहारु माझ्यासमोर ताट धरून उभी राहिली, आणि तिचं तोंड पडलं होतं. "काकी, तुम्ही म्हणालात म्हणून गेले. त्यांचा गुडघा दुखतो. मी त्यांना ते बोलायला लावलं. किती लाज वाटली मला."

मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी राहिला. "अगं, अजून एकदा जा."

"तिसऱ्यांदा?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला कोणाच्या घरात शिरून चोरी करायला सांगत होते. "म्हाताऱ्या माणसाला तीन वेळा नाही म्हणायला लावू? त्यांनीच शिकवलंय आम्हाला, समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आणि कचेरीला मी कळवलंय काकी. इनादा म्हणून बाई आहेत, शेजारच्या गावच्या, त्या जूनपासून येतायत. त्यांना काय सांगू आता?"

मागे रांग लागली होती. एक मुलगा म्हणाला, "काकी, भात." मी भात वाढला.

त्या संध्याकाळी मी बाईंकडे गेले आणि स्पष्टच बोलले. "बाई, ती दुसऱ्यांदा आली होती. हो का नाही म्हणालात?"

बाई मुळ्याची पानं निवडत होत्या. मान वर केली नाही. "दुसऱ्यांदा हो म्हटलं असतं तर वाटच बघत बसले होते असं दिसलं असतं."

"बसलाच होतात की."

"म्हणूनच."

आणखी एक जुडी पुढे ओढून म्हणाल्या, "तूच पाठवलं होतंस ना तिला?"

मी खोटं बोलले नाही.

"मला वाटलंच. मनाने आली असती तर तिसऱ्यांदाही आली असती." पानं टोपलीत टाकून त्या उठल्या. "आता काही करू नकोस. मागून घेतलेलं माझ्या हातात राहत नाही. ती नवी बाई येते, तिला येऊ दे. तिचा काय दोष?"

"मी सांगते ना चिहारुला समजावून. पोरीला रीतच ठाऊक नाही."

"सांगितल्यावर ती काय विचारणं झालं? ते तर तिकीट काढल्यासारखं झालं." मग त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

जूनपासून इनादा बाई येऊ लागल्या. पंचेचाळीशीच्या, स्वतः गाडी चालवत येणाऱ्या, गोड बोलणाऱ्या. मुलांना आवडल्या. त्यांच्याबद्दल वाईट लिहावं असं मला आजवर काही सापडलेलं नाही, आणि मी शोधलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी विद्यापीठाचा उत्सव असतो, त्यात मंडळाचा मोठा चहा असतो. गावातली माणसं येतात, परदेशी मुलं चहा करतात. इतकी वर्षं त्या दिवशी बाई पडद्यामागे असायच्या, पाण्याजवळ. तिथून एकेक वाडगा नजरेखालून पाठवायच्या. लोकांना दिसायच्याही नाहीत, आणि त्यांना तेच आवडायचं. या वर्षी मंडळाने त्यांना मुख्य पाहुणी म्हणून बोलावलं. छापील पत्र आलं. नाही म्हणण्यासारखं ते नव्हतंच. मुख्य पाहुण्याची जागा सगळ्यांत मानाची आणि सगळ्यांत लांबची. तिथून ना पाण्याला हात लागतो ना भांड्याला.

बाई राखाडी किमोनो नेसून आल्या. मलाही बोलावलं होतं, मी शेवटच्या जागी बसले. चहा थुईने केला. फेस आता वाडग्यात राहिला होता. पाण्याची पळी ठेवताना तिचा हात चुकला, पळी कलंडली. बाईंची बोटं मांडीवर हलली, पण त्या बघत राहिल्या. मुख्य पाहुण्याने बघायचं असतं.

चहा पिऊन झाल्यावर मुख्य पाहुण्याने यजमानाला विचारायचं असतं की वाडगा कुठला. ठाऊक असलं तरी विचारायचं. बाईंनी विचारलं. "फारच सुरेख वाडगा आहे. कुठला म्हणायचा?"

यजमानाच्या जागी चिहारु होती. तिने पाठ केलेलं नीट सांगितलं. "आमच्या मंडळाच्या पूर्वीच्या बाईंनी दिलेला आहे."

तो काळा वाडगा ओकुमुरा बाईंनी मरताना सुमिए बाईंना दिला होता आणि सुमिए बाईंनी मंडळाला. बाई म्हणाल्या, "असं का. छान सांभाळलाय तुम्ही." आणि दोन्ही हातांनी तो पुढे सरकवला.

मग बाईंना फुलं दिली. एका मोठ्या पुठ्ठ्यावर सगळ्या मुलांनी रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, तेही दिलं. 'बाई, आता खूप आराम करा.' 'गुडघ्याची काळजी घ्या.' इनादा बाई डोळे पुसत होत्या, आणि त्या खरंच पुसत होत्या. चिहारु बोलली. "बाईंनी स्वतः विश्रांती मागितली तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं. पण त्यांच्या इच्छेचा मान ठेवणं, हेच त्यांनी आम्हाला शिकवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई वाकल्या.

लोक चपला घालायला उठले तेव्हा थुई पळत आली. किमोनोत पळू नये हे ती विसरली होती. तिने बाईंचा हातच धरला. "बाई, पुढच्या वर्षी या. गुरुवारी या. शिकवू नका, नुसत्या बसा. मी चुकले तर धोबीण म्हणा."

बाई म्हणाल्या, "आता वय झालं थुई."

"नाही, नाही. यायचंच. मी घरी येते घ्यायला. सायकल आहे माझी, मागे बसा."

बाईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं. ओठ जरा उघडले. म्हणाल्या, "तुझ्या सायकलवर? मी काय भाताचं पोतं आहे?"

"हो, पोतं. चालेल. दोरीने बांधते," थुई म्हणाली. "बाई, या ना."

अजून एकदा म्हणाली असती तर झालं असतं. पण चिहारु आली, तिने थुईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, अगदी मायेने सांगितलं, "थुई, बाईंना त्रास नको देऊ. त्या नाही म्हणाल्या ना? इथे असा आग्रह नाही करत."

थुईने हात लगेच सोडला. लाजली. "माफ करा बाई. आमच्याकडे करतात. मला ठाऊक नव्हतं."

"असू दे," बाई म्हणाल्या. "हळूहळू कळतं सगळं." फुलं त्यांनी माझ्याकडे दिली आणि चपला घालायला वाकल्या. चपला घालायला त्यांना वेळ लागला.

हिवाळ्यात मुलाने फोनवरूनच त्यांचं नाव म्हाताऱ्यांच्या दिवसघरात घातलं, सकाळी नेऊन संध्याकाळी घरी सोडतात तिथे. मंगळवारी आणि गुरुवारी गाडी न्यायला येते. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीने विचारलं, "आजी, चहा घेणार?" बाई म्हणाल्या, "नको, कशाला तुम्हाला त्रास." मुलीने कागदावर खूण केली आणि पुढच्या आजींकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. हे बाईंनीच मला सांगितलं, तिसऱ्या आठवड्यात, अगदी साध्या आवाजात, की तिकडे दिवसभर घसा कोरडा राहायचा.

मी अजून त्यांच्याकडे जाते. जिझोचं फडकं आता मी बदलते, बाईंना वाकवत नाही. परवा घरी गोडाचा शिरा केला होता, देवाला दाखवला आणि एक वाटी बाईंकडे नेली. झाकण काढायच्या आधीच मनात तयारी केली होती. त्या नको म्हणतील, मी म्हणेन थोडासाच, त्या म्हणतील कशाला गं, मी म्हणेन देवाचा आहे, मग घेतील. इतकी वर्षं असंच चालत आलंय, आणि त्यात शिरा गार होतो.

"बाई, शिरा घेणार?"

"हो," त्या म्हणाल्या. आणि मी झाकण काढायच्या आत दोन्ही हात पुढे केले.